दक्षिणेचा सातपुडा

मी भूगोलाचा शिक्षक आहे आणि मी उत्तरेचा सातपुडा दक्षिणेला रंगवला.

थोडासा सरकला, जरा तिरका झाला, असलं काही नाही. आठ फूट लांबीच्या हार्डबोर्डावर नीट शिखरं-बिखरं काढून मी तो जळगावात मेहरूणच्या आमच्या घरातल्या दक्षिणेच्या भिंतीला ठोकला, दोन पावलं मागे सरकलो, कमरेवर हात ठेवले आणि ‘वा!’ म्हणालो. ते ‘वा’ ऐकायला तेव्हा खोलीत कोणी नव्हतं, एवढीच काय ती देवाची कृपा.

हा पर्वत उभा करायची वेळ माझ्यावर आली ती सासऱ्यांमुळे. त्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. अमळनेर आणि धरणगावच्या मधे एक लहानसं स्टेशन आहे. पॅसेंजर तिथे थांबते, बाकीच्या गाड्या धुरळा उडवून निघून जातात. त्या स्टेशनच्या केबिनमध्ये रूळ बदलणाऱ्या सांध्यांचे आणि सिग्नलचे लोखंडी दांडे ओढण्यात आबांची अख्खी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर माणूस लांब कुठेतरी जातो. आबांनी रुळांपासून हाकेच्या अंतरावर घर बांधलं. ओट्यावर बसलं की येणारी-जाणारी प्रत्येक गाडी दिसते. सासूबाई गेल्यावरही ते तिथेच एकटे राहत होते, आणि मजेत होते.

मग पावसाळ्यात ओट्याच्या पायरीवरून त्यांचा पाय सरकला आणि मनगट मोडलं. शेजारचे नाना, म्हणजे आबांच्याच वेळचे रेल्वेतले गँगमन, दूध द्यायला आले तेव्हा त्यांना कळलं. तोवर आबा तासभर पायरीवर बसून होते. तासाभरात आलेल्या दोन मालगाड्यांच्या डब्यांची संख्या त्यांनी नानांना सांगितली, पण हात मोडलाय हे सांगितलं नाही.

बायकोने त्यांना उचलून जळगावला आणलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, आणि आबांनी आपली रेक्झिनची बॅग भरून पलंगाच्या पायथ्याशी ठेवली. ती रोज सकाळी भरलेली असायची. बायको रोज त्यातले कपडे काढून कपाटात लावायची, दुसऱ्या दिवशी बॅग परत भरलेली. दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलायची नाहीत. आणि मी त्या दोघांच्या मधला माणूस.

शेवटी आबांनी तारीखच सांगितली. “अंगारकीला पद्मालयाच्या गणपतीला जाऊ. दर्शन झालं की तसंच मला गावी सोडा. एरंडोलवरून रस्ता जवळच आहे.”

माझ्याशी आबा शहरी मराठी बोलतात. जावयाशी नीट बोलायचं असतं, असा त्यांचा नियम. फार चिडले तरच त्यांची अहिराणी बाहेर पडते, आणि माझ्या नशिबाने ती मी पुष्कळ ऐकली आहे.

त्या दिवशी स्वयंपाकघरात बायको मला म्हणाली, “तुम्ही काहीतरी करा.”

“मी? लेक तू आहेस.”

“लेकीचं ऐकत नाहीत. जावयाला नाही म्हणायला लाजतात.” मग भाकरी तव्यावर उलटत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “पुढच्या वेळी नाना दूध द्यायला उशिरा आले तर?”

मी माळ्यावर चढलो.

माळ्यावर चढण्यामागे विचार होता. आमचा मुलगा लहान असताना त्याला विजेवर चालणारी छोटी आगगाडी आणली होती. आता तो पुण्यात नोकरी करतो आणि ती गाडी माळ्यावर पडून होती. इंजिन, सहा डबे, गोल फिरणारे रूळ. मनात आलं, आबांना गाडीच बघायची आहे ना? मग आपण घरातच त्यांचं स्टेशन उभारू. रूळ, केबिन, प्लॅटफॉर्म, आणि मागे पडद्यासारखं रंगवलेलं सगळं शिवार. खुर्चीत बसून बघा दिवसभर! अंगारकीला अजून तीन आठवडे होते.

मधल्या खोलीची दक्षिणेची भिंत रिकामी होती. उत्तरेच्या भिंतीला टीव्ही आणि बायकोच्या कपबश्यांचं शोकेस. त्यामुळे टेबल दक्षिणेला लागलं. एवढा साधा निर्णय. खोलीला कुलूप लावलं आणि आबांना सांगितलं की शाळेसाठी एक शैक्षणिक साधन बनवतोय. टीव्ही त्याच खोलीत असल्यामुळे बायकोच्या तीन मालिका बुडाल्या. बापासाठी तिने तेही सोसलं.

मागचा देखावा रंगवणं हे काम वाटतं तेवढं सोपं नसतं, हे मी मोबाईलवर बघून शिकलो, आणि शिकायच्या आधीच करूनही बसलो होतो. पहिलं आकाश मी डब्यातल्या निळ्या रंगाने सरळ फासलं. ते पोहण्याच्या तलावासारखं दिसायला लागलं. मग कळलं की आकाश वर गडद असतं आणि खाली येताना फिकट होत होत जमिनीजवळ जवळपास पांढरं होतं. जळगावात माझी इतकी वर्षं गेली आणि मी मान वर करून हे कधी पाहिलंच नव्हतं. गच्चीवर जाऊन पाहिलं तर खरंच तसंच! शेजारीण विचारत होती, “सर, पतंग बघताय का?”

दुसरं म्हणजे कोपरा. भिंतीचा कोपरा दिसला की आकाशाचं सोंग उघडं पडतं. म्हणून हार्डबोर्ड पाण्याने भिजवून कोपऱ्यात गोलसर वाकवायचा. मी तो इतका भिजवला की त्याचे पापुद्रे सुटले आणि आकाश दोन ठिकाणी फुगलं. त्या फुगवट्यांवर मी ढग काढले. आजही कोणी ढगांचं कौतुक केलं तर मी गप्प बसतो.

मग जमीन. आमच्याकडची काळी माती हुबेहूब दाखवायला चहाचा चोथा वाळवून पसरवायचा, ही माझी स्वतःची कल्पना. आठवडाभर घरातला सगळा चोथा मी गच्चीवर वाळवला आणि फेविकॉलने टेबलावर चिकटवला. काय सुंदर रान दिसलं म्हणून सांगू! तिसऱ्या दिवशी रुळांच्या कडेने एक काळी ओळ सरकताना दिसली. आमच्या घरी चहा साखर घालूनच उकळतात, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. माझी आगगाडी सुरू व्हायच्या आधी मुंग्यांची मालगाडी सुरू झाली, आणि ती वेळेवर धावत होती. सगळं शिवार खरवडून काढलं, चोथा धुऊन परत वाळवला, परत चिकटवलं. बायको दारातून बघून म्हणाली, “शेतकरीसुद्धा एका हंगामात दोनदा नांगरत नाही.”

शेवटी सातपुडा. जवळचे डोंगर गडद, लांबचे फिकट, सगळ्यात लांबचा धुरासारखा. हे मात्र मला जमलं. खरंच जमलं. पायथ्याशी मी हिरव्या क्रेप कागदाच्या केळीच्या बागा लावल्या, कारण जळगाव म्हटलं की केळी. प्लॅटफॉर्मच्या टोकाला केबिन उभी केली, डावीकडे बाण काढून ‘सुरत’ आणि उजवीकडे ‘भुसावळ’ लिहिलं. समोर सातपुडा असला की डावीकडे सुरत येते. नकाशात तसंच असतं.

अंगारकीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळचा चहा झाल्यावर मी कुलूप उघडलं. आबांना समोरच्या खुर्चीत बसवलं. बायको दाराला टेकून उभी राहिली. मी बटण दाबलं. गाडी निघाली, केबिनवरून गेली, वळली. रूळ पडद्याला जरा जास्तच खेटून घातले होते, त्यामुळे तिची सावली आकाशावरून धावली. पण ते असो.

आबा बघत होते. गाडीने तीन फेऱ्या मारल्या. मग ते पुढे वाकले, केबिनवर बोट ठेवलं, खिडक्या मोजल्या. “चार खिडक्या,” ते म्हणाले. “बरोबर आहेत.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर तिने माझ्याकडे असं फार कमी वेळा पाहिलंय.

आबा परत खुर्चीत मागे टेकले. खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीतून मावळतीचं ऊन आत आलं होतं, ते त्यांच्या उजव्या गालावर पडलं होतं. त्यांनी गालावर हात ठेवला. खिडकीकडे बघितलं. मग बाणाकडे बघितलं.

“जावईबापू, ही गाडी कुठे चालली?”

“सुरतला, आबा.”

“सूर्य तिकडे मावळतोय.” उजवा हात. “सुरत पण तिकडेच आहे. तुमची गाडी हिकडे चाललीय.” डावा हात. “ही सुरतला कशी पोचेल? नागपूर, कलकत्ता करत पृथ्वीला वळसा घालून?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“आणि हा समोर कोण?”

“सातपुडा.”

“दक्षिणेला?”

“आबा, ते मॉडेल आहे. भिंत कोणतीही असली तरी चालतं.”

“मग देव्हारा न्हाणीघरात ठेवा. भिंत कोणतीही चालते ना?”

आता मी शिक्षक झालो, तीच चूक. म्हटलं, “आबा, नकाशा कुठल्याही भिंतीवर टांगला तरी वरची बाजू उत्तरच असते. शाळेत मी सत्तावीस वर्षं तसंच शिकवतोय.”

“वर्गात नकाशा कोणत्या भिंतीला आहे?”

मी विचार केला. फळ्याशेजारी. म्हणजे... “दक्षिणेच्या.”

“म्हणजे पोरांना सातपुडा दाखवा म्हटलं की पोरं अजिंठ्याकडे बोट करतात?”

करतात. सगळी करतात. मी त्यांना शाबासकीही देतो. शिवाय मी मूळचा धुळ्याचा, आणि धुळेकराला डोंगर म्हटला की लळिंगचाच आठवतो. तो गावाच्या दक्षिणेलाच आहे, त्यामुळे दक्षिणेला डोंगर बघून माझ्या मनाला कधी टोचलंच नाही. हे मी आबांना सांगितलं. त्याने काही फायदा झाला नाही.

“सत्तावीस वर्षं,” आबा म्हणाले, “बठ्ठी पोरं बिघाडी टाकी!”

‘बठ्ठी’ म्हणजे सगळी. अहिराणी सुरू झाली तेव्हाच मला कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलं. मग एकेक निघायला लागलं. आमच्या स्टेशनजवळ केळी कधी होती? तठे कपाशी शे, कपाशी आणि बाजरी. केळी पाहिजे तर रावेरला जा. आणि हा डोंगर एवढा वर का? मी विहिरीत बसून बघतोय का?

हे शेवटचं मला आधी कळलंच नाही. मग त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसलो आणि कळलं. सगळा देखावा मी उभा राहून, माझ्या डोळ्यांच्या उंचीला रंगवला होता. आबा बसून बघणार होते. बसल्यावर क्षितिज त्यांच्या डोक्यावरून जात होतं. ज्याच्यासाठी रंगवायचं तो कुठे बसणार आहे, हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

आबा उठून आपल्या खोलीत गेले. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. बायको आत आली. तिने नुसतं गाडीचं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. मी चालवायला, आबा माझ्या शेजारी, बायको मागे, आणि रेक्झिनची बॅग डिकीत. पद्मालयाला अंगारकीची गर्दी होती. रांगेत पायाला चटके बसले, पण दर्शन नीट झालं. बाहेर आल्यावर आबांनी मला बाजूला घेतलं आणि तळ्याकाठी उघड्यावर उभं केलं.

“सर, सातपुडा दाखवा.”

मला कधी सर म्हणत नाहीत. मी समोर बघितलं, डावीकडे बघितलं, शेजारून नारळ घेऊन जाणाऱ्या माणसाकडे बघितलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझी अशी तोंडी परीक्षा कोणी घेतली नव्हती. अंदाजाने हात वर केला.

“ती चाळीसगावची बाजू आहे,” आबा म्हणाले. माझे दोन्ही खांदे धरून त्यांनी मला फिरवलं. “ऊन कोणत्या गालावर?”

“उजव्या.”

“सकाळ आहे. मग तोंड कुठे?”

“उत्तरेला.”

“हां. तिकडे.”

तिकडे झाडं होती, त्यामागे दुसरी झाडं होती आणि वर पांढुरकं आकाश. मला काही दिसेना. आबांना दिसत होतं. ते म्हणाले, “पाऊस उघडला की केबिनच्या खिडकीतून साफ दिसायचा. उन्हाळ्यात धुळीने पार नाहीसा व्हायचा. सकाळी राखेसारखा, संध्याकाळी जांभळासारखा. तुम्ही रंग बरा दिलाय.” मग थोडं थांबून म्हणाले, “हिच्या आईचं माहेर चोपड्याकडे, पार पायथ्याला. ती बाळंतपणाला गेली तेव्हा दोन महिने मी ड्युटीवर त्या खिडकीतून तिकडेच बघत होतो. तुम्ही तिचं माहेर अजिंठ्याला नेऊन टाकलं.”

यावर मी एकही विनोद केला नाही. केला असता तर इथे सांगितला असता.

परत निघालो. एरंडोलच्या चौकात आलो. सरळ गेलं की धरणगाव आणि पुढे आबांचं गाव, उजवीकडे जळगाव. मी गाडी हळू केली. आरशात बायको दिसत होती. ती खिडकीबाहेर बघत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळून. मी सरळ जायचा इंडिकेटर शोधत होतो, जो नसतो, हेही मला तेव्हा आठवेना. शेवटी डावा लावला.

“पूर्वेला घ्या,” आबा म्हणाले.

मी डावीकडे वळवलं.

“पूर्वेला!” आबा ओरडले. “ऊन दिसत नही का?”

मागून एक ट्रक, दोन मोटारसायकली आणि एक रिक्षा मला जे म्हणायचं ते म्हणून गेली. मी गाडी वळवून उजवीकडे घेतली.

“आबा, गाव सरळ होतं,” बायको मागून अगदी सावकाश म्हणाली.

“माहीत आहे. आधी तो डोंगर हलवू. तो तिथे आहे तोवर मला गावीसुद्धा झोप लागणार नाही. दोन दिवसांचं काम.”

घरी पोचल्यावर बायकोने साडीही बदलली नाही. पदर खोचला आणि सरळ टीव्हीची वायर काढली. शोकेसमधल्या कपबश्या तिने वर्तमानपत्रात गुंडाळल्या, ज्यांना हात लावायची मला लग्नापासून परवानगी नव्हती. टीव्ही दक्षिणेला गेला, टेबल आणि पडदा उत्तरेला. माझी सुरत आपोआप सुरतेकडे गेली आणि मावळतीचं ऊन तिच्याच बाणावर पडलं. आबांनी ते दोनदा तपासलं.

मग खरं काम सुरू झालं. आबा खुर्चीत, मी फरशीवर. क्षितिज चार बोटं खाली आणलं. त्यासाठी आबांनी दोरा ताणून धरला, आणि मी पेन्सिलने रेघ मारली ती दोऱ्याच्या वर गेली, म्हणून परत मारली. केळीच्या बागा उपटल्या. देव्हाऱ्यातल्या वातींचा कापूस चिमटीने तोडून कपाशी पिकवली. गाडीची सावली आकाशावर पडू नये म्हणून रूळ वीतभर पुढे घेतले आणि ट्यूबलाइटची जागा बदलली. डोंगराच्या पायथ्याशी, चोपड्याच्या अंगाला, आबांनी माझ्याकडून पांढऱ्या रंगाचा एक ठिपका काढून घेतला. दिसेल न दिसेल असा. तो तिसऱ्यांदा जमला. पहिल्यांदा मी मंदिराएवढा काढला होता आणि दुसऱ्यांदा तो आकाशात गेला होता.

दोन दिवस कधीच होऊन गेले. आता सिग्नल हलते हवेत, असं आबांचं म्हणणं आहे. मी केलेल्या सिग्नलचा हात खाली पडतो तो वर येत नाही, त्यामुळे सगळ्या गाड्यांना कायमचा रस्ता मोकळा आहे, आणि असल्या स्टेशनवर आबांच्या हिशेबाने रोज अपघात व्हायला हवा. कपाशीच्या कडेला बांध पाहिजे. बांधावर निंब पाहिजे. मी निंब केला तर तो पपईसारखा दिसतो. बॅग अजून पलंगाच्या पायथ्याशीच आहे, पण परवा बायकोने दाखवलं, आता तिच्यात आबा रंगाच्या बाटल्या आणि ब्रश ठेवतात. माझ्या हाती लागू नयेत म्हणून.

शाळेत मी नकाशा उत्तरेच्या भिंतीला हलवला. तिथे फळा नाही, म्हणून मुलं आता भूगोलाला पाठमोरी बसतात. मुख्याध्यापकांना कारण सांगितलं, ते उठून खिडकीतलं ऊन बघून आले.

काल संध्याकाळी नेहमीप्रमाणे नानांचा फोन आला. आबा फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात, आणि पलीकडचा माणूस पद्मालयावर असल्यासारखं मोठ्याने बोलतात. मी सातपुड्याच्या पायथ्याशी, टेबलावर पोट टेकून बाजरी लावत होतो. बायको दारात मेथी निवडत होती. नाना विचारत होते, घर बंद आहे, ओट्यावर धूळ साचली, कधी येणार?

बायकोचा मेथी निवडणारा हात थांबला.

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी लावलेली बाजरी एव्हाना प्लॅटफॉर्मवर उगवायला लागली होती.

“कसा येऊ नाना?” आबा ओरडून म्हणाले. “मन्हा जवाई भूगोलना मास्तर शे, पन सातपुडा कोनीकडे ते त्याले माहीत नही. मी तठे उनू, तं हाऊ अठे सुरतले जानारी तापी उलटी बऱ्हाणपूरले नेई!”